कुरमुऱ्यांचा हत्ती आपल्या हवेत बसवायचा तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या वाढदिवसाच्या केकवर बसवायच्या हत्तीची कृती आली होती. आत कुरमुऱ्यांचा गोळा, वर फाँडंटचं (साखरेच्या, कणकेसारख्या लाटता येणाऱ्या गोळ्याचं) आवरण, शेपटीपासून सोंडेपर्यंत सगळं खाता येण्याजोगं. कल्पना छानच आहे. पण कृती कुठल्याशा कोरड्या हवेच्या देशातली, जशीच्या तशी उचललेली दिसते. त्याच मापांनी आणि त्याच क्रमाने जुलैत कुणी ठाण्यात किंवा रत्नागिरीत हत्ती करायला घेतला, तर केक कापायच्या आधीच तो घामाघूम होऊन सोंडेवर आडवा होईल. शिवाय ‘टूथपिकने डोकं पक्कं बसवा’ आणि ‘शेवटी वरून चमकी भुरभुरवा’ ही दोन वाक्यं लहान मुलांच्या खाण्याच्या पानावर यायलाच नको होती. चूक दाखवायची तर बरोबर काय तेही सांगायला हवं, म्हणून पत्र लांबलं आहे.

आधी कुरमुरे कशाला, हे. कृतीत ‘स्वस्त पडतात’ असं कारण दिलंय. खरं कारण वजनाचं आहे. ६ सेंटिमीटर व्यासाचं डोकं नुसत्या फाँडंटचं वळलं तर ते दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं. तेच आत दाबलेले कुरमुरे आणि बाहेर ३ मिलिमीटर फाँडंट असं केलं, तर निम्म्याहून थोडं जास्त भरतं. मानेवर आणि खालच्या केकवर भार तेवढा कमी. दुसरं असं, की भरीव फाँडंट वरून वाळतं पण आतून कित्येक दिवस मऊच राहतं. वरची साल आक्रसते, आतला ऐवज बसत जातो, मग भेगा पडतात आणि प्राणी बुडाशी पसरतो. सकाळी ऐटीत बसवलेला ससा रात्री लोळलेला दिसतो तो यामुळे. कुरमुऱ्यांचा गाभा नीट दाबून एकदा गार झाला, की तो जागचा हलत नाही.

मार्शमॅलोत (फेटलेल्या साखरेच्या मऊ, लवचिक मिठाईत) घोळलेल्या फुलवलेल्या तांदळाचा हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. केलॉग कंपनीचे ‘राइस क्रिस्पीज’ १९२८ साली बाजारात आले. १९३९ मध्ये बॅटल क्रीक या गावी कंपनीच्याच स्वयंपाकघरात मिल्ड्रेड डे आणि मॅलिटा जेन्सन या दोघींनी ते लोण्यात वितळवलेल्या मार्शमॅलोत घोळून वड्या थापल्या. केकवाल्यांनी पुढे त्याच मिश्रणाचे आकार वळायला घेतले. म्हणून सगळ्या कृती ‘६ कप क्रिस्पीज’ अशा मापाने सुरू होतात, आणि गोची इथेच होते. त्यांचे क्रिस्पीज म्हणजे आपले कुरमुरे नव्हेत. ते साखर, मीठ आणि माल्ट घालून शिजवलेले, वाळवून चपटे केलेले आणि मग भाजून फुलवलेले तांदूळ असतात: बारीक आणि कडक. आपले कुरमुरे, म्हणजे कोल्हापूरकडचे चुरमुरे आणि नागपूरकडचे मुरमुरे, तापल्या वाळूत फुलतात. ते लांबट, पोकळ आणि खारट असतात. एक कप क्रिस्पीज २६-२७ ग्रॅम भरतात, एक कप कुरमुरे जेमतेम १४-१५. कपाने मोजून अदलाबदल केली आणि वर ते दाबले, की कुरमुरे चिपतात, चिकट मार्शमॅलो जास्त होतो आणि गोळा कणकेसारखा खाली बसतो. तेव्हा तराजू काढा. (जाता जाता, माल्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा अर्क, त्यात ग्लुटेन असतं, त्यामुळे क्रिस्पीज वापरून ‘ग्लुटेन-फ्री’ असं कुणाला सांगू नका. याबाबतीत कुरमुरेच बरे.)

बसलेला, साधारण १३-१४ सेंटिमीटर उंचीचा हत्ती धरू. त्याच्या धडाला आणि डोक्याला १०० ग्रॅम मार्शमॅलो, १० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम क्रिस्पीज पुरतात. कुरमुरे घ्यायचे तर चुरलेले ४५ ते ५० ग्रॅम. खायच्या वड्यांना एवढ्या मार्शमॅलोमागे १५-१६ ग्रॅम लोणी घालतात, पण तेवढं इथे नको. लोणी वाढलं की वडी खुसखुशीत लागते आणि मूर्ती ढिली पडते.

कुरमुरे आधी कोरड्या कढईत मंद आचेवर पाचसहा मिनिटं परता. बोटात धरून मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात हे टाळलं, तर पुढचं काहीच सुधारत नाही. गार झाले की चाळून भुसा आणि वाळू काढा, जाड पिशवीत भरून वरून लाटणं दोनदा फिरवा. तुकडे हवेत, पीठ नको. पीठ झालं तर ते सगळा मार्शमॅलो पिऊन टाकतं आणि मिश्रण कोरडं पडून भुगा सुटतो. अख्खे ठेवले तर लांबट दाण्यांमध्ये फटी राहतात आणि नंतर वरच्या आवरणाला खड्डे पडतात.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी, मग मार्शमॅलो. चारदोन गुठळ्या शिल्लक असतानाच गॅस बंद करा, उरलेल्या ढवळताना विरतात. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर वीस-वीस सेकंदांनी थांबा. इथे बहुतेकांचं चुकतं ते जास्त शिजवण्यात. पाणी उडून जातं, पाक पुढे जातो, रंग बदामी होतो आणि गार झाल्यावर गोळा इतका कडक होतो की सुरी लावताच ढलपा निघतो. याला उपाय नाही, तो खाऊन टाकायचा आणि नवा करायचा.

मिश्रण हाताला सोसवेल इतकं होईपर्यंत चारपाच मिनिटं थांबा. कढत असताना ते आकार धरत नाही, पार निवलं तर दाणे एकमेकांना सोडतात. तळव्यांना वनस्पती तुपाचा किंवा शॉर्टनिंगचा (बेकिंगच्या घट्ट वनस्पती चरबीचा) अगदी पुसट हात. पाण्याचा हात कधीच नाही, त्याने कुरमुरे सादळतात. आता दाबायचं. लाडू वळताना मूठ जेवढी आवळतो त्याच्या दुप्पट जोर लावून, गोळा फिरवत फिरवत, सगळ्या बाजूंनी. धड ८ सेंटिमीटर उंच, साडेसहा रुंद, अंड्यासारखं. डोकं साडेपाच सेंटिमीटरचा चेंडू. हवं त्यापेक्षा सगळीकडून ३-४ मिलिमीटर लहानच ठेवा, कारण वर चॉकलेट आणि फाँडंट चढणार आहे. ही वजाबाकी विसरली की हत्ती तयार झाल्यावर गालफुगी झाल्यासारखा दिसतो. खात्री करायची असेल तर डोक्याचा एक जादा गोळा करून मधोमध कापून पाहा. तुरीचा दाणा मावेल अशी फट दिसली तर दाब कमी पडला.

दाबलेला गोळा पहिल्या तासाभरात थोडा परत फुलतो आणि बुडाशी चपटा होतो. म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा हातात घेऊन आवळा, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा आणि रात्रभर ठेवून द्या. ‘लगेच फाँडंट चढवा’ असं आपल्या कृतीत आहे. लगेच चढवलेलं फाँडंट आतला गोळा फुलताना पोटाशी फाटतं. दुसऱ्या दिवशी करवती सुरीने उंचवटे तासून घ्या.

मार्शमॅलोबद्दल कृतीत एक शब्दही नाही, आणि आपल्याकडे हा प्रश्न पहिला येतो. बहुतेक मार्शमॅलोंत जिलेटिन असतं, म्हणजे प्राणिज. पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे आधी पाहावं. काही फाँडंटमध्येही जिलेटिन असतं, तेव्हा तोही डबा उलटून वाचावा. शाकाहारी मार्शमॅलो मिळतात, पण ते सगळे एकसारखे वितळत नाहीत. काही गरम केल्यावर सपाट होण्याऐवजी चोथ्यासारखे राहतात. आधी चारच वितळवून पाहा. त्यापेक्षा सरळ १०० ग्रॅम पांढरं कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं चॉकलेट) वितळवून त्यात ४० ग्रॅम क्रिस्पीज किंवा ३० ग्रॅम चुरलेले कुरमुरे घालावेत. हा गोळा दहा मिनिटांत घट्ट होतो आणि त्यात पाण्याचा अंश नसतो. मात्र उन्हाळ्यात हातात फार वेळ धरला तर तो सुटू लागतो, म्हणून डोकं आणि धड वेगवेगळं, भरभर करायचं.

गुळाच्या पाकात कुरमुऱ्यांचे लाडू वळणाऱ्या घरात साहजिकच विचारलं जाईल, की मग पाकच का नको? पाण्यात टाकल्यावर गोळी होणारा पाक घेतला तर लाडू दगडासारखा बसतो, हे खरं. पण तो वळायला मिनिट-दोन मिनिटंच मिळतात, तेही हात पोळत. लाडू गोल असतो म्हणून जमतं, हत्तीच्या मानेला तेवढा वेळ पुरत नाही. आणि गूळ हवेतला ओलावा ओढतो. वर फाँडंट चढवलं की आतून पाझरतं, पांढऱ्या सशावर तपकिरी डाग उमटतात. लाडू म्हणून खावा, मूर्तीत घालू नये.

यानंतरची पायरी आपल्या कृतीत मुळात नाहीच: गाभ्याला कंपाउंड चॉकलेटचा लेप. ब्रशने पातळ एक हात, तो बसला की दुसरा, खड्डे सुरीच्या टोकाने भरून घ्यायचे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कोरडी करून वरून फिरवली की पृष्ठभाग गुळगुळीत होतो. हे केलं नाही तर फाँडंट वाळून बसताना प्रत्येक दाणा वर उठून दिसतो, जणू हत्तीला कांजिण्या आल्या. शिवाय मार्शमॅलोतला ओलावा फाँडंटमध्ये जायचा थांबतो. काही जण इथे रॉयल आयसिंग वापरतात. त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, तेव्हा एगलेस केकवर ते चालणार नाही.

फाँडंट एकूण ३०० ग्रॅम घ्या, काटछाट धरून. त्याचे दोन भाग करा. धड आणि डोकं मढवायला १८० ग्रॅम, त्यात टायलोज पावडर (फाँडंट लवकर वाळवून घट्ट करणारी पूड) अर्धा छोटा चमचा. कान, सोंड, पाय यांना १२० ग्रॅम, त्यातही अर्धा चमचाच, म्हणजे प्रमाण जास्त. सगळ्याला सारखं टायलोज घातलं तर मढवतानाच कडा तडकतात, अजिबात घातलं नाही तर कान वाळत नाहीत. मळून, गुंडाळून अर्धा तास ठेवा. चिकटलं तर ओट्यावर कॉर्नफ्लोअर, कोरडं पडलं तर बोटाला शॉर्टनिंग. मढवताना फाँडंट ३ मिलिमीटर लाटा, धडावर समोरून पांघरा, जोड पाठीमागे आणा. डोक्याचे जोड जिथे कान येणार तिथे न्या, आपोआप झाकले जातात. लेपावर फाँडंट धरण्यापुरता शॉर्टनिंगचा पुसट हात पुरतो. आत हवेचा फुगा राहिला तर बारीक सुई तिरकी टोचून तळव्याने दाबा, आणि सुई परत डबीत गेली का ते पाहा.

फाँडंट उघड्यावर पडून वर बारीक सुरकुत्या आल्या की केकवाले त्याला ‘हत्तीची कातडी’ म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. या एका प्राण्यापुरतं ते चालून जातं. सशाला मात्र नाही.

कान लावायच्या दोन दिवस आधीच करून ठेवायचे. मुळाशी ३ मिलिमीटर, कडेला दीड. ते डावाच्या खोलगट बाजूवर पालथे वाळवले की बाक येतो. सोंड वळली की हवेत उचलायचा मोह होतो. तो आवरा. सोंड छातीवर टेकवली तर तिला आधार लागत नाही आणि ती तुटतही नाही. तसंच प्राणी बसलेलाच करा. चार पायांवर उभा हत्ती कागदावर सोपा वाटतो, पण त्याचं सगळं वजन चार मऊ खांबांवर येतं. चिकटवायला दोन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा टायलोज घालून रात्रभर ठेवलं की पारदर्शक डिंक होतो. तो थेंबभरच लावायचा. जास्त लावला की कान घसरत खाली येतो आणि मागे चकाकता ओघळ राहतो.

चेहऱ्यावर थोडं थांबू या, कारण सगळा जीव तिथे आहे. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की प्राणी पिल्लासारखा दिसतो. वर आणि जवळजवळ ठेवले की तोच प्रौढ आणि रागीट. आधी गोल टोकाच्या काडीने मिरीएवढे दोन खड्डे करा. खड्ड्याशिवाय चिकटवलेले डोळे गुंड्या शिवल्यासारखे दिसतात. त्यात मोहरीहून जरा मोठा काळा गोळा बसवा आणि बोटाने हलकेच दाबा, म्हणजे तो खाचेत भरतो. मग काडीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, समजा वर डावीकडे. इथे बऱ्याच जणांचा हात आपसूक आरशासारखा चालतो, एका डोळ्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. मग हत्ती तिरळा का दिसतो ते कळत नाही. भुवया ओल्या असतानाच जागेवर सरकवून पाहा. एका मिलिमीटरने भाव बदलतो.

आता टूथपिक. लहान मुलाच्या केकमध्ये ती कुठेही नको, तारही नको. बारीक आणि टोकदार असते, फाँडंटमध्ये दिसत नाही, आणि हत्तीचं डोकं तोडून थेट तोंडात घालणं हे तीन वर्षांच्या मुलाचं कामच आहे. कच्ची स्पॅगेटी चालते, पण ती ओलाव्याने काही तासांत मऊ पडते. म्हणून पाय आणि कान यांपुरतीच, डोक्याला नाही. डोक्याला लॉलीपॉपची जाड, खाद्यपदार्थांसाठीचीच कांडी, धडात निम्म्याहून जास्त खोल. ती मुद्दाम जाड घ्यायची, नजरेतून सुटू नये म्हणून.

असा हत्ती साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतो. आपल्याकडे केक बहुतेक व्हिप क्रीमचे. परदेशी कृतींत आत बटरक्रीम किंवा गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाचा) टणक केक गृहीत धरलेला असतो. क्रीमवर एवढं वजन ठेवलं तर हत्ती तासाभरात गुडघाभर रुततो, आणि क्रीममधलं पाणी लागून त्याचं बूड विरघळतं. दोन गोष्टी कराव्या लागतात. हत्तीखाली त्याच्या बुडाहून थोडी मोठी पातळ केकबोर्डाची चकती, वरून कंपाउंडने माखलेली. आणि त्या चकतीखाली केकमध्ये चार जाड स्ट्रॉ, केकच्या उंचीला बरोबर कापलेले. वजन स्ट्रॉमधून थेट खालच्या बोर्डावर उतरतं, स्पंजवर येत नाही. स्ट्रॉ अर्धा सेंटिमीटर जरी लांब राहिला तर हत्ती क्रीमच्या वर तरंगतो, आखूड राहिला तर उपयोग शून्य. म्हणून एक खुपसून, नखाने खूण करून, बाहेर काढून चारही एकदम कापायचे.

कृतीतली सगळ्यात महागात पडणारी सूचना म्हणजे ‘तयार हत्ती फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या’. मुंबईत पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा हवेत सुमारे २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रिजमधून निघालेला हत्ती ४-५ अंशांवर असतो. बाहेर काढल्यावर तो काही मिनिटांत ओला होणार, काळा रंग डोळ्यांतून गालावर उतरणार. रडका हत्ती म्हणतात तो हाच. नुसती साखरसुद्धा ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की हवेतलं पाणी ओढून विरघळू लागते. फाँडंटमध्ये ग्लुकोज आणि ग्लिसरीन असल्याने ते त्याच्या आधीच चिकट होतं. तेव्हा हत्तीचा आणि फ्रिजचा संबंध येऊच देऊ नका. तो पंख्याखाली किंवा एसी ‘ड्राय’वर ठेवलेल्या खोलीत वाळवा. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवायचाच असेल तर सोबत सिलिका जेलच्या न फुटलेल्या पुड्या हव्यात, हत्तीला न टेकणाऱ्या, आणि त्या नंतर आठवणीने काढून टाकायच्या. केक गार, हत्ती कोरडा, दोघांची गाठ हॉलवर गेल्यावरच, केक कापायच्या अर्धा तास आधी. फाँडंट दवाने ओलं झालंच तर पुसू नका, हात लावू नका. पंख्याखाली तसंच ठेवा, बरंचसं आपणच वाळतं. पुसलं की डाग कायमचा.

एवढं सगळं एका दिवसात उरकत नाही. चार दिवस आधी कान आणि डिंक, तीन दिवस आधी गाभा, दोन दिवस आधी लेप आणि मढवणं, आदल्या दिवशी पाय, सोंड, चेहरा. ‘एवढ्याशा हत्तीचे एवढे पैसे?’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशोब पाहावा.

राहिला रंग. पातळ रंगाने फाँडंट चिकट होतं, म्हणून जेलचाच वापरा. करड्या हत्तीला काळा रंग टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच (तिचा योग्य उपयोग हाच). रंग रात्रीतून गडद होतो, म्हणून हव्या छटेहून फिकाच थांबवा. भडक काळा किंवा लाल घरी मळून आणायला गेलं तर रंग इतका ओतावा लागतो की फाँडंट कडू होतं. तो तयारच आणावा. आपल्याकडे खाद्यपदार्थांत मोजक्या कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे आणि त्यांनाही मर्यादा आहेत. कापड रंगवायचा रोडामाइन-बी त्यांत नाही. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटक सरकारांनी कॉटन कँडीवर कारवाई केली ती त्याच रंगामुळे. रंगाच्या बाटलीवर घटक आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक नसेल, तर ती दुकानातच ठेवावी.

चमकीचं याहून वाईट. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे ती खायची झाली असं नाही. मुलांचे क्रेयॉनसुद्धा नॉन-टॉक्सिक असतात. ‘एडिबल’ हा शब्द आणि खाली घटकांची यादी, दोन्ही हवं. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाच्या केकवरची सोनेरी पूड खाऊन ६ मुलं आजारी पडली. ती पूड म्हणजे जवळजवळ निव्वळ तांबं होतं. आपल्या पुरवणीतलं ‘चमकी भुरभुरवा’ वाचून कुणी हस्तकलेच्या दुकानातली डबी आणली, तर दोष आणणारीला कसा द्यायचा? पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती ठळक छापावी ही विनंती.

आणि हत्ती खाता येतो म्हणजे कधीही खाता येतो असंही नाही. तीनचार दिवस गाभा चवीला बरा राहतो, पुढे सादळून वातड होतो. कपाटात आठवण म्हणून ठेवलेला महिनाभराचा हत्ती पाहुण्यांच्या मुलाच्या हाती देऊ नये. पहिल्या वाढदिवसाच्या केकवरचा हत्ती तर उत्सवमूर्तीने खायचाच नसतो. वाळलेला डोळा किंवा पायाचं नख घशात अडकायला पुरेसं असतं.

आत कांड्या आणि स्ट्रॉ किती घातले, तो आकडा खोक्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावा. केक कापायच्या आधी हत्ती उचलून बाजूला ठेवावा, आणि तेवढ्याच बाहेर आल्या का, हे मोजून मगच ताटल्या फिरवाव्यात.

आपल्या,
घरगुती केक करणाऱ्या काही वाचक, ठाणे